बोलत्या यंत्राची हत्यारे

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस 'चॅटबॉट' या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा काही मंडळींना नवल वाटले. मोर्चे काढणाऱ्या माणसाचा संगणकाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. ज्या बँकांत, विमा कंपन्यांत आणि कचेऱ्यांत आमचे सभासद नोकरी करतात, तेथे गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला उत्तर देणारा कारकून आता पुष्कळदा माणूस नसतो. त्या खुर्चीवर काय येऊन बसले आहे, ते कशाचे घडविले आहे आणि ते घडविण्याची हत्यारे कोणाच्या ताब्यात आहेत, हे समजून घेणे कामगार चळवळीला भागच आहे. शिवाय आमच्या युनियनच्या कचेरीतही असले एक यंत्र गेली दोन वर्षे चालू आहे. आमचे शिक्षण कॉलेजातले नव्हे. जे कळले ते पुस्तके चाळून आणि जाणत्या पोरांना विचारून विचारून कळले. तेव्हा पारिभाषिक शब्द कमी येतील, आणि आले तर त्यांचा अर्थ तेथल्या तेथे सांगू.

चॅटबॉट आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. २०२० च्या मार्चमध्ये भारत सरकारने व्हॉट्सॲपवर 'मायगव्ह कोरोना हेल्पडेस्क' उघडला, आणि पुढल्या वर्षी लसीचा दाखला त्याच क्रमांकावर मिळू लागला. पुण्याच्या मेट्रोचे तिकीट असेच निरोपाची देवघेव करून काढता येते. आपण चार शब्द लिहितो, पलीकडून चार शब्द येतात. पलीकडे माणूस नसतो. कोठल्या तरी संगणकावर चालणारी आज्ञावली असते. कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. माणसाने लिहिलेल्या वाक्यातला शब्द उचलून तोच प्रश्नरूपाने परत करावयाचा, एवढीच तिची युक्ती. तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. खुद्द वायझेनबॉम त्याने अस्वस्थ झाले, आणि यंत्राला कोणती कामे देऊच नयेत यावर त्यांनी १९७६ साली एक पुस्तक लिहिले. यंत्र बनविणाऱ्यानेच असा इशारा द्यावा, हे आम्हांस लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

आजच्या चॅटबॉटची घडण समजण्यासाठी त्याचे तीन भाग करावे. पहिला भाग दार: व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुकचे मेसेंजर, कचेऱ्यांतून चालणारे स्लॅक, अथवा साधा एसएमएस. माणूस येतो तो यांतल्या एखाद्या दारातून. दुसरा भाग डोके: विचारणाऱ्याला काय पाहिजे आणि त्याला काय सांगावे हे ठरविणारा. या दोहोंच्या मध्ये तिसरा, दुभाष्या. प्रत्येक दाराची बोली निराळी, म्हणून त्या बोलीतला निरोप डोक्याला कळेल अशा एका ठरीव नमुन्यात बसवावयाचा आणि डोक्याचे उत्तर पुन्हा त्या दाराच्या बोलीत घालावयाचे, हे त्याचे काम. बाजारात चॅटबॉटची हत्यारे म्हणून जे काही मिळते ते या दुभाष्याचे किंवा डोक्याचे असते. दार मात्र कोणतेही हत्यार तुम्हांला देऊ शकत नाही. ते ज्याचे त्याचे असते. या लेखाचा रोख मुख्यतः त्यावर आहे.

प्रथम दारे पाहू. टेलिग्रामने आपले दार जून २०१५ मध्ये बॉटांसाठी खुले केले. तेथे 'बॉटफादर' नावाचा एक बॉटच बसविलेला आहे. त्याला निरोप पाठवून नवे नाव मागावयाचे, की तो एक लांबलचक सांकेतिक किल्ली देतो. फी नाही, शिफारस नाही. ती किल्ली जपावी मात्र. ज्याच्या हाती ती, त्याच्या हाती बॉट. आलेले निरोप मिळविण्याच्या दोन रीती आहेत. एकीत आपला संगणक टेलिग्रामकडे वरचेवर चौकशी करतो की, आमच्या नावे काही आले आहे काय? पोस्टाच्या खिडकीशी जाऊन विचारावे तसे. दुसरीत आपण आपला पत्ता नोंदवून ठेवतो आणि निरोप येताच टेलिग्रामच तो घरपोच टाकतो; हिला 'वेबहुक' म्हणतात. वेबहुकसाठी आपला संगणक चोवीस तास जागा आणि बाहेरून गाठता येईल असा असावा लागतो. पहिल्या रीतीला कचेरीतले जुने खोकेही चालते. गरीब संस्थांना हा फरक फार मोलाचा आहे. व्हॉट्सॲप फक्त वेबहुकच जाणतो.

मेसेंजरचे दार एप्रिल २०१६ मध्ये उघडले, व्हॉट्सॲपचे ऑगस्ट २०१८ मध्ये. व्हॉट्सॲपकडे प्रथम मध्यस्थ कंपन्यांमार्फत जावे लागे. मे २०२२ मध्ये त्याची मालक कंपनी मेटा हिने आपल्याच संगणकांवर चालणारी सोय सर्व लहानमोठ्या धंदेवाल्यांना दिली. दारागणिक नियम बदलतात. स्लॅकवर कोणी बटण दाबले की तीन सेकंदांत पोच द्यावी लागते, नाही तर प्रयत्न फसला असे धरले जाते. व्हॉट्सॲपवर एका निरोपाखाली उत्तराची बटणे तीनच. त्याहून अधिक पर्याय हवे असतील तर यादी काढावयाची, तिच्यात ओळी दहा. टेलिग्रामवर बटणे पुष्कळ लावता येतात, पण बटणामागे दडविलेला मजकूर ६४ बाइटांत बसला पाहिजे.

येथे मराठी माणसाची एक निराळीच अडचण आहे, आणि ती हत्यारांच्या परदेशी माहितीपत्रकांत फारशी सांगितलेली नसते. व्हॉट्सॲपच्या बटणावर वीस अक्षरे मावतात. आता 'कामावर परत घेतले नाही' ही आमच्याकडची नित्याची तक्रार. आपल्या हिशेबाने ती मोजून अकरा-बारा अक्षरे. परंतु संगणक काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण वेगळी मोजतो, मधल्या मोकळ्या जागाही मोजतो, आणि बेरीज होते एकवीस! एका वेलांटीपायी बटण नाकारले जाते. एसएमएसची गत याहून वाईट. इंग्रजी मजकुराचे १६० वर्ण एका एसएमएसात जातात. देवनागरीचे एक अक्षर घातले की मर्यादा ७० वर येते. म्हणजे मराठीत बोलणाऱ्या युनियनला त्याच निरोपासाठी दोन-तीन निरोपांचा खर्च. टेलिग्रामच्या ६४ बाइटांतही देवनागरीची एकेक खूण तीन बाइट खाते, म्हणून एकवीस खुणांत गाडी थांबते. त्यावर उपाय सोपा आहे. बटणामागे मजकूर न ठेवता नुसता क्रमांक ठेवावा आणि अर्थ आपल्या वहीत लिहून ठेवावा.

इतक्या दारांचे इतके नियम एकट्या माणसाने सांभाळणे कठीण, म्हणून दुभाष्याची हत्यारे निघाली. गिटहब कंपनीने २०११ मध्ये आपला 'ह्यूबॉट' सर्वांना खुला केला. त्यात बॉटचे डोके एकच ठेवून दारासाठी निरनिराळे 'ॲडॅप्टर' लावण्याची सोय होती. विजेच्या उपकरणाला परगावच्या भोकात बसणारी पिन लावतात, त्यातलाच प्रकार. मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'बॉट फ्रेमवर्क' जाहीर केले. कोणत्याही दारातून आलेला निरोप त्यात 'ॲक्टिव्हिटी' नावाच्या एकाच छापील नमुन्यात भरला जाई: कोणी पाठविला, कोठून आला, केव्हा आला, मजकूर काय. डोक्याने फक्त तो नमुना वाचावयाचा. एकदा लिहा आणि सगळ्या दारांवर चालवा, अशी ही भुरळ होती.

भुरळ म्हणतो त्याचे कारण आहे. तीन बटणांच्या दारासाठी आखलेले संभाषण बटणेच नसलेल्या एसएमएसवर जसेच्या तसे चालत नाही. मग दोनच वाटा उरतात. सर्व दारांना झेपेल एवढेच साधे बोलावयाचे, किंवा दारागणिक वेगळे लिहावयाचे. आमचा कौल पहिल्या वाटेला आहे. 'एक लिहा, दोन लिहा' अशी आकड्यांची उत्तरे कोणत्याही दारात चालतात आणि साठी उलटलेल्या कामगारालाही जमतात. दुसरे असे की, हत्यारही मरते. मायक्रोसॉफ्टने हे फ्रेमवर्क गुंडाळले, ३१ डिसेंबर २०२५ नंतर त्याला आधार उरला नाही, आणि ज्यांनी त्यावर इमारत उभी केली त्यांना कंपनीच्या दुसऱ्या हत्याराकडे बिऱ्हाड हलवावे लागले.

याउलट 'रॅपिडप्रो' पाहा. युनिसेफने रवांडात सुरू झालेल्या न्यारुका या कंपनीबरोबर ते २०१४ मध्ये पुढे आणले. त्याची आज्ञावली खुली आहे. कोणीही घ्यावी, आपल्या संगणकावर चालवावी. त्यात संभाषण पडद्यावर चित्राने आखतात. एका चौकटीत प्रश्न, तिच्यातून निघालेले बाण, बाणाच्या टोकाला पुढली चौकट. साधा एसएमएस असो की टेलिग्राम वा व्हॉट्सॲप, आखणी एकच. युगांडात २०११ साली सुरू झालेला 'यू-रिपोर्ट' हा तरुणांची मते गोळा करणारा उपक्रम पुढे यावरच चालू लागला. आपल्याकडील स्वयंसेवी संस्थांसाठी 'ग्लिफिक' नावाचे असेच खुले हत्यार आहे. चौकटी-बाणांची आखणी आमच्या कचेरीतल्या माणसाला दोन संध्याकाळीत कळली. त्याचे शिक्षण आठवीपर्यंत आहे. मुदतबंद कामगारांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट जाऊन एक वर्षाची आली, तेव्हा ती चौकट त्याने त्याच आठवड्यात स्वतः बदलली. कोणा इंजिनिअरची वाट पाहावी लागली नाही. यंत्राला कायदा बदलल्याचे आपोआप समजत नाही, हेही यावरून ध्यानात यावे.

आता डोक्याकडे वळू. चौकटींच्या पलीकडे, माणसाने मनाला येईल तसे लिहिले तर ते कसे ओळखावयाचे? यासाठी 'हेतू' ओळखण्याची हत्यारे आली. गूगलने २०१६ मध्ये विकत घेतलेले आणि पुढे 'डायलॉगफ्लो' नाव दिलेले एक, बर्लिनमध्ये निघालेले 'रासा' दुसरे. रीत अशी की, 'पगार झाला का', 'पैसे कधी पडणार', 'खात्यात अजून काही आले नाही' अशी पाच-पन्नास वाक्ये यंत्राला देऊन सांगावयाचे की या सर्वांचा हेतू एकच. मग सारखे दिसणारे नवे वाक्य आले की ते त्या हेतूखाली जमा होते. ही वाक्ये कोण पुरवितो यावर सारे अवलंबून असते. शहरी कचेरीतल्या माणसाने ती लिहिली तर कामगाराचे बोलणे यंत्राला कळत नाही. आमच्याकडे 'हिशोब द्या' म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी सगळी देणी, यंत्र समजते बेरीज-वजाबाकी. 'खाडा' त्याला ठाऊक नसतो. 'पाळी बदलून पाहिजे' हे वाक्य कारखान्यात सरळ आहे, पण स्त्री कामगाराने 'पाळीमुळे सुटी हवी' असे लिहिले तर यंत्र तिला रात्रपाळीचे वेळापत्रक पाठवील! त्यात निम्मे सभासद मराठी रोमन अक्षरांत लिहितात, आणि एकाच शब्दाची तीन-तीन रूपे होतात. म्हणून आम्ही वाक्ये गोळा केली ती कारखान्याच्या दाराशी उभे राहून.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि डोक्याचा प्रकारच पालटला. असली मोठी भाषाप्रारूपे वाक्यांची तालीम न देताही मोडकीतोडकी मराठी समजतात, उत्तरही गोड देतात. दोष असा की, ठाऊक नसलेलेही ती तितक्याच ठामपणे सांगतात. आणि यंत्र चुकीचे बोलले तर भरपाई कोणी करावयाची? याचा एक निवाडा झालेला आहे. तो या जातीच्या प्रारूपाविषयी नसला तरी त्याचे तत्त्व सर्व यंत्रांना लागू पडते. घरातल्या मृत्यूनंतर करावयाच्या प्रवासाच्या सवलतीबद्दल एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला चुकीचे सांगितले. कंपनीने पैसे नाकारले, आणि बचाव असा की, बॉट जणू स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बचाव उडवून लावला आणि भरपाई देवविली. मुकादमाने दिलेला शब्द मालकाला बांधतो हे तत्त्व आमच्या लोकांना शिकवावे लागत नाही. ते यंत्रालाही लागते, एवढे आता स्पष्ट झाले. आमच्या बॉटमध्ये प्रश्न ओळखण्यासाठी प्रारूप वापरतो, पण पैशाचा आकडा त्याच्या तोंडून कधी येऊ देत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशोब शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षे, असा साध्या गणिताने होतो आणि त्याखाली 'कचेरीत कागद दाखवून खात्री करावी' ही ओळ ठेवलेली आहे.

आता पुन्हा दाराशी येऊ, कारण सत्ता तेथे आहे. व्हॉट्सॲपवर माणसाने आपणहून निरोप पाठविला की चोवीस तास तुम्ही त्याच्याशी मोकळेपणी बोलू शकता. ती मुदत संपली, की आधी मंजूर करून घेतलेल्या ठरीव मजकुराशिवाय काही पाठविता येत नाही. हा नियम वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो नसता तर कर्ज देणाऱ्यांच्या आणि जमिनी विकणाऱ्यांच्या निरोपांनी आपले फोन बुजून गेले असते. पण मजकूर मंजूर करणार कंपनी, तो जाहिरात आहे की कामकाज की ओळख पटविणे, हे सदर ठरविणारही कंपनी. उद्याच्या द्वारसभेची सूचना यांतल्या कोणत्या सदरात बसवावी, हा प्रश्न आमच्या कार्यकारिणीत एक अख्खी संध्याकाळ चालला. दराचेही तेच. पूर्वी आकार एका दिवसाच्या संभाषणामागे पडे, १ जुलै २०२५ पासून तो पाठविलेल्या ठरीव निरोपामागे पडू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेटाने जाहीर केले की, कोणत्याही विषयावर बोलणारे सर्वसाधारण बॉट १५ जानेवारी २०२६ पासून या दारातून बंद. तिचा स्वतःचा तसला बॉट मात्र त्याच ॲपमध्ये बसलेला! इटलीच्या स्पर्धा-नियामकाने डिसेंबर २०२५ मध्ये त्यावर हंगामी मनाई काढली. एका पक्षाने अटी लिहावयाच्या आणि दुसऱ्याने खाली अंगठा उठवावयाचा, असल्या करारांची आम्हांस चांगली ओळख आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी मेटाशी करार केला. लोकांची सोय होईल हे खरे. पण सरकारी खिडकी आता कोणाच्या वाड्यात उघडते, हेही नागरिकांनी पाहून ठेवावे. आम्ही सावधगिरी एवढीच घेतली की, सभासदांची यादी व सारे संभाषण आपल्या वहीत ठेवले आणि एकाच दारावर विसंबलो नाही. एक बंद झाले तर त्याच आखणीला दुसरे दार लावता येते. दुभाष्याच्या हत्याराचा खरा उपयोग आम्हांस येथे दिसतो.

गुप्ततेबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दोन माणसांमधला व्हॉट्सॲपचा निरोप मध्येच कोणास वाचता येत नाही. पण बॉटशी बोलताना पलीकडच्या संस्थेच्या वतीने तो संगणकावर उलगडलाच जातो, नाही तर उत्तर येणार कसे? टेलिग्रामच्या गुप्त संभाषणात तर बॉटला प्रवेशच नाही. तेव्हा नव्याने युनियन बांधणाऱ्यांनी आपली नावे कोणत्याही बॉटला सांगू नयेत. ते काम चहाच्या टपरीवर करावे, पूर्वीसारखेच.

राहिला खुर्चीचा प्रश्न. अमेरिकेत 'नॅशनल इटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन' ही खाण्याच्या मानसिक विकारांनी पीडित माणसांना साहाय्य देणारी संस्था आहे. तिची दूरध्वनी-सेवा वीस वर्षांहून अधिक काळ चालत होती. मोजके पगारी कर्मचारी आणि सुमारे दोनशे स्वयंसेवक ती सांभाळीत. कामाचा ताण असह्य झाला म्हणून कर्मचाऱ्यांनी युनियन स्थापली आणि मार्च २०२३ मध्ये तिच्या मान्यतेसाठीचे मतदान जिंकले. त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थेने ती सेवाच बंद करण्याचे ठरविले. लोकांना 'टेसा' नावाच्या चॅटबॉटकडे जाण्यास सांगण्यात आले. युनियनचा याच्याशी संबंध नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. मेअखेरीस उघडकीस आले की, टेसा अशा रुग्णांना वजन कमी करण्याचे, उष्मांक मोजण्याचे सल्ले देत होती. म्हणजे ज्या विकाराने ती माणसे खचली होती त्यालाच खतपाणी. टेसा काढून टाकावी लागली. मूळची टेसा ठरीव उत्तरांची होती; ती चालविणाऱ्या कंपनीने मागाहून तिच्यात स्वतः वाक्ये रचणारा भाग घातला होता. खुर्चीवर माणूस उरला नव्हता, त्यामुळे हे ध्यानात येण्यास एका बाहेरच्या स्त्रीची तक्रार लागली.

हत्यारांत याची तजवीज नसते असे नाही. बहुतेकांत 'हँडओव्हर' नावाची सोय आहे. यंत्राला कळेनासे झाले, किंवा माणसाने मागणी केली, की संभाषण जसेच्या तसे जिवंत माणसाच्या पडद्यावर जाते आणि यंत्र गप्प बसते. ती लावावयाची की नाही हे मालक ठरवितो, आणि पगार वाचवावयाचा असेल तेव्हा ती प्रथम खुडली जाते. म्हणून ज्या कचेऱ्यांत आमचे सभासद आहेत तेथे नव्या करारात आम्ही हे कलम मागत आहोत की, बॉटवरील 'माणसाशी बोला' हे बटण कोणत्याही चौकटीतून काढू नये, त्यामागे नेमलेली माणसे किती हे कराराशिवाय बदलू नये, आणि यंत्राला पुरविलेली वाक्ये ज्या कारकुनांच्या कामातून जमविली त्यांना त्या कामाचा वेगळा मोबदला असावा. पहिल्या दोन मागण्यांवर एका ठिकाणी बोलणी पुढे सरकली आहेत. तिसरीवर मालकपक्ष हसतो, हसू द्या.

आमच्या स्वतःच्या बॉटमध्ये तीन बटणांपैकी पहिले बटण तेच आहे. संध्याकाळी सहा ते साडेआठ त्यामागे दोन निवृत्त सभासद आळीपाळीने बसतात. आलेला प्रश्न आणि दिलेले उत्तर ते जाड वहीत लिहून काढतात. दर रविवारी सकाळी ती वही पुढ्यात घेऊन कोणती चौकट बदलावयाची ते ठरते.